.२२ कन्व्हर्जन किट आणि अडकणारी पुंगळी: किट परत पाठवण्याआधी एवढं बघा

समस्या अशी: .४५ बोअरच्या १९११ जातीच्या पिस्तुलावर .२२चं कन्व्हर्जन किट बसवलं, म्हणजे वरचा अर्धा भाग बदलून त्याच पिस्तुलातून छोटी .२२ची काडतुसं मारता येतील असं केलं. पहिली दोन-तीन काडतुसं नीट चालली. मग रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर पडता पडता स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, तोंडात सापडली आणि उभी राहिली. रेंजवर याला सगळे स्टोव्हपाइप म्हणतात. ती काढली, दोन गोळ्या चालल्या, पुन्हा तेच. मॅगझिन बदललं, पुन्हा तेच. दहा गोळ्यांत दोनदा-तीनदा थांबावं लागतं.

मी ओहायोत राहते आणि गेली बारा वर्षं क्लबच्या रेंजवर बुल्सआय, म्हणजे टार्गेटवरची पिस्तूल नेमबाजी, खेळते. .२२शी ओळख त्याच्याही आधीची, कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीच्या .२२ रायफलपासूनची. या बारा वर्षांत ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली आहे की आता नीट लिहून ठेवावीशी वाटली. अगदी अलीकडे आमच्या मंडळातला एक मुलगा असाच वैतागून आला.

"काकू, साडेतीनशे डॉलर पाण्यात गेले. उद्या परत पाठवतोय."

"पाठव की. पण आधी मला एक दुपार दे."

त्या दुपारी जे सापडलं ते खाली सांगते. त्याच्याबरोबरच किट निवडताना काय बघायचं तेही, कारण निम्म्याहून जास्त अडचणी किट विकत घेतानाच पदरात पडलेल्या असतात.

सुरुवातीला सुरक्षेचं, कारण अडकलेली पुंगळी काढायच्या घाईत माणूस नळीची दिशा विसरतो. पिस्तुलाचं तोंड शेवटपर्यंत टार्गेटकडेच हवं, आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. चाप ओढला आणि गोळी उडालीच नाही, तर तीस सेकंद तसंच धरून थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, नुसतं फुस्स झालं, तर पुढची गोळी अजिबात मारू नका. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं. मॅगझिन काढा, चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) रिकामं करा, नळीतून गज घालून तो आरपार जातो का ते बघा. आणि स्लाइड पूर्ण बंद झाली नसेल तर अंगठ्याने ढकलून बंद करून चाप ओढू नका. .२२च्या पुंगळीचा पत्रा पातळ असतो. चेंबरबाहेर राहिलेल्या भागाला आधार नसला तर तो फुटतो आणि गरम वायू आणि पितळेचे कण तोंडावर येतात. चष्म्याशिवाय रेंजवर उभं राहायचं नाही, हे आमच्या क्लबात आजोबांनाही सांगितलं जातं.

मुळात का अडतं?

.२२ लाँग रायफल हे १८८७ सालचं काडतूस. त्याचा बार, म्हणजे मार बसला की पेटणारा मसाला, पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, मध्यभागी वेगळी टोपी नसते. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात, आणि .४५ किंवा ९ मिमीसारख्या, मधोमध टोपी असलेल्या काडतुसाला सेंटरफायर. हा फरक पुस्तकी वाटतो, पण किटमधली निम्मी भांडणं त्यातूनच निघतात. फायरिंग पिन मधोमध न मारता कडेवर मारायची असते. बार कडेत सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. पुंगळीला बुडाशी बाहेर आलेला काठ असतो आणि तो मॅगझिनमध्ये शेजारच्या काठाला अडतो. शिसं उघडं असतं, त्यावर मेणाचा हात असतो, आणि ते मेण धुळीसकट, काजळीसकट चेंबरात जाऊन बसतं.

याहून मोठी गोष्ट धक्क्याची. .४५ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम, आणि ती सेकंदाला साधारण ८३० फूट वेगाने सुटते. .२२ची गोळी ४० ग्रेनची, २.६ ग्रॅम. खोक्यावर सेकंदाला १,२३५ फूट असा आकडा छापलेला असतो, पण तो रायफलच्या लांब नळीतून मोजलेला. पाच इंची पिस्तुलातून तीच गोळी हजारच्या आसपास जाते. वजन गुणिले वेग असा हिशेब केला तर .२२चा धक्का .४५च्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा येतो.

एवढ्याशा धक्क्याकडून आपण काय काय मागतो ते बघा. पुंगळी चेंबरातून ओढायची, इजेक्टरवर (पुंगळीला बाहेर उडवणारा खुंटा) आपटून बाहेर फेकायची, स्लाइड परत पुढे आणणारी रिकॉईल स्प्रिंग दाबायची, फायरिंग पिनवर आपटणारा हॅमर मागे पाडून त्याची मेनस्प्रिंगही दाबायची, मग परत येताना नवी गोळी मॅगझिनमधून उचलून चेंबरात घालायची. .४५ची पोलादी स्लाइड या धक्क्याने हललीच नसती. म्हणून बहुतेक किटची स्लाइड ॲल्युमिनियमची असते, रिकॉईल स्प्रिंग हलकी असते आणि नळी जागच्या जागी पक्की असते. मूळ १९११मध्ये नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून बरोबर मागे जातात आणि मग नळी खाली उतरते. किटमध्ये तसलं कुलूपच नाही, साधं ब्लोबॅक: पुंगळीच मागे ढकलली जाऊन स्लाइडला ढकलते. सगळा कारभार हिशेबाने बेतलेला. त्यात कुठेही थोडीशी चोरी झाली, काजळीने, जास्त ताकदीच्या स्प्रिंगने किंवा मंद काडतुसाने, की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अर्ध्यात सापडते.

कोल्टलाही हाच प्रश्न पडला होता. १९३१ साली त्यांनी १९११च्याच बांध्याचं .२२ पिस्तूल आणलं, एस नावाचं. पुढे सर्व्हिस एसमध्ये त्यांनी डेव्हिड मार्शल विल्यम्स या बंदुकांच्या रचनाकाराचं तरंगतं चेंबर घातलं: चेंबरचा तुकडा स्वतः पिस्टनसारखा मागे सरकून स्लाइडला जोराचा ढकल देतो, त्यामुळे हाताला जवळजवळ .४५चा धक्का बसतो. १९३८मध्ये असंच चेंबर घातलेलं कन्व्हर्जन युनिट आलं, म्हणजे आपण आज ज्याला किट म्हणतो त्याचा पूर्वजच. कल्पना सुंदर होती, पण त्या चेंबरभोवती शिसं आणि काजळी बसते आणि ते घासून काढायला बसावं लागतं. पुढच्या बनवणाऱ्यांनी हलक्या स्लाइडचा रस्ता धरला त्याचं कारण हेच.

तपासणी, मी करते त्या क्रमाने

पहिल्यांदा काडतूस बदला. किटला हात लावायच्या आधी. किटबरोबर आलेल्या कागदावर उत्पादकाने कोणतं काडतूस वापरायला सांगितलंय ते वाचा, आणि तेच पन्नास आणा. हलक्या स्लाइडची बहुतेक किटं ४० ग्रेनच्या, तांबं चढवलेल्या, हाय व्हेलॉसिटी काडतुसावर बेतलेली असतात. सीसीआय मिनी-मॅग हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे १,०७० फुटांच्या आसपासचं, काडतूस बुल्सआयसाठी उत्तम, पण प्रत्येक किट त्याच्यावर चालेल असं नाही. आणि जास्त वेगाचं म्हणून स्टिंगरसारखं काडतूस आणू नका. त्याची पुंगळी नेहमीच्यापेक्षा लांब असते आणि तंग चेंबरात ती घालायची नसते.

आमच्या मुलाने पाचशेच्या बादलीतली सगळ्यात स्वस्त काडतुसं आणली होती. मिनी-मॅग भरल्यावर अडकणं दहात तीनवरून विसात एकावर आलं. तो खूश झाला. मी नव्हते. चांगलं काडतूस घातल्यावर दुखणं कमी झालं पण गेलं नाही, याचा अर्थ दुखणं दुसरीकडे आहे आणि चांगल्या काडतुसाने ते झाकलंय एवढाच.

मग पुंगळ्या गोळा करायच्या. हे काम कोणी करत नाही आणि सगळं त्यातच लिहिलेलं असतं. टेबलावर पांढरा कागद पसरा आणि वीस पुंगळ्या बुडं वर करून ओळीने उभ्या करा. पिनची खूण बघा: काठावर खोल, स्वच्छ खळगा हवा. खूण उथळ असेल, किंवा काठाच्या आतल्या बाजूला सरकलेली असेल, तर मार कमी पडतोय. न उडालेलं काडतूस अर्धा फेरा फिरवून पुन्हा भरा. दुसऱ्या मारात उडालं तर बार एका बाजूला विरळ होता आणि दोष काडतुसाचा. तीन-चारदा फिरवूनही उडत नसेल तर पिन किंवा स्प्रिंगकडे बघा. काठावर एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढणारी नखी) चावा घेतल्यासारखी खाच दिसते का? म्हणजे पुंगळी चेंबरात चिकटून बसते आहे आणि एक्स्ट्रॅक्टर तिला बळजबरीने ओढतोय. पुंगळीच्या अंगावर एका बाजूला काळा पट्टा असेल तर चेंबर घाण आहे किंवा स्लाइड वेळेआधी उघडतेय.

त्या दिवशीच्या पुंगळ्यांवर खुणा स्वच्छ होत्या. काठ शाबूत. पण अडकलेल्या पुंगळ्यांच्या तोंडाशी चेमटल्याची एक बारीक खूण होती, सगळ्यांवर त्याच जागी. म्हणजे पुंगळी चेंबरातून सहज सुटत होती, इजेक्टरपर्यंतही पोहोचत होती, फक्त फेकली जात होती ती मरगळलेली. स्लाइडचा प्रवास अपुरा पडत होता.

चेंबर तपासायची सोपी रीत: पिस्तूल उघडून नळी बाहेर काढा, तोंड जमिनीकडे धरा आणि चेंबरात एक काडतूस सोडा. आपल्या वजनाने जवळजवळ पूर्ण आत गेलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे. मॅच चेंबरात, म्हणजे स्पर्धेसाठीच्या तंग चेंबरात, शेवटी बोटाचा किंचित दाब लागतो, तेवढा चालतो. अडकत असेल तर पितळी ब्रशला द्रावण लावून चेंबर फिरवून फिरवून घासा. नळी दर वेळी घासायची गरज नाही, चेंबर मात्र घासा. मी दोनशे ते तीनशे गोळ्यांनी एकदा करतेच.

मॅगझिनचं प्रकरण वेगळं. स्टोव्हपाइपपेक्षा गोळी चेंबरच्या खालच्या ओठावर नाक आपटून थांबणं हा मॅगझिनचा आजार. भरताना प्रत्येक काडतुसाचा काठ खालच्या काठाच्या पुढे बसला पाहिजे. मागे राहिला तर वरचं काडतूस खालच्याला ओढत नेतं आणि दोघं अडतात. फॉलोअरचं (काडतुसांना वर ढकलणारा तुकडा) बटण फार खाली दाबून काडतुसं नुसती ओतली की हे हमखास होतं. एकेक करून भरा, आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोन वेळा आपटा. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा घाला. अडकलं की आकडा वहीत. चार मॅगझिनांपैकी एकच वाईट असतं आणि आकडा नसला तर आपण चौघांनाही दोष देत बसतो.

आता स्प्रिंगा आणि फ्रेम. इथे मला जरा थांबायचंय, कारण लोक इथपर्यंत येतच नाहीत. किट म्हणजे वरचा अर्धा भाग. खालचा अर्धा, म्हणजे हॅमर, मेनस्प्रिंग, ट्रिगर, इजेक्टर, हे तुमच्याच जुन्या फ्रेमचं राहतं, आणि त्या फ्रेमला मागच्या मालकाने काय काय केलंय ते किट बनवणाऱ्याला माहीत नसतं. १९११ची मूळ मेनस्प्रिंग २३ पौंडांची. ट्रिगर हलका व्हावा म्हणून कोणी १७ किंवा १९ची घातली असेल तर .४५ उडेल, पण रिमफायरच्या काठाला मार कमी पडू शकतो. उलट कोणी त्याहून जड घातली असेल तर बिचाऱ्या ॲल्युमिनियमच्या स्लाइडला हॅमर पाडतानाच धाप लागते. किटची रिकॉईल स्प्रिंग बाजूला ठेवून .४५ची १६ पौंडांची चुकून बसवलेली मी दोनदा पाहिली आहे. दोन्ही स्प्रिंगा एकाच डब्यात ठेवल्या की असं होतं.

बघायची रीत: पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, रिकॉईल स्प्रिंग काढा, नुसती स्लाइड फ्रेमवर चढवा आणि हॅमर मागे असताना हाताने पुढेमागे करा. पिस्तूल तिरपं केलं की ती आपल्या वजनाने घसरली पाहिजे. कुठे घासत असेल तर शाईच्या पेनाने रेल (ज्यावरून स्लाइड सरकते त्या पट्ट्या) रंगवा, दहा वेळा हलवा, शाई जिथे पुसली तिथे घासतंय. लगेच कानस काढू नका. फ्रेमला कानस लावली की ती परत येत नाही. घासायचंच असलं तर किटच्या भागाला, तेही उत्पादकाच्या कागदावर परवानगी असली तर.

आमच्या मुलाची स्लाइड लोण्यासारखी हलत होती. मग मी रिकॉईल स्प्रिंगसकट पिस्तूल जोडलं, स्लाइड हाताने पार मागे ओढली आणि स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवून धरणारी कळ) खाचेकडे पाहिलं. खाच स्टॉपच्या जेमतेम पुढे जात होती, केसभर. एवढी जागा थोडी होती. पुन्हा उघडलं, तर स्प्रिंगच्या गाइडच्या (आतल्या दांडीच्या) बुडाशी एक निळी मऊ चकती. शॉक बफ. मूळ पिस्तुलात .४५चे धक्के फ्रेमवर आपटू नयेत म्हणून अनेकजण घालतात ती.

"ही कुठून आली?"

"जुन्या गाइडवर होती, काकू. ॲल्युमिनियमची स्लाइड आहे ना, तिला जपावं म्हणून इकडे लावली."

जपायलाच लावली होती पोराने. पण त्या चकतीच्या जाडीएवढा स्लाइडचा प्रवास कमी झाला होता, आणि .२२ला सोडून द्यायला तेवढाही प्रवास शिल्लक नसतो. चकती काढली. त्या दुपारी उरलेल्या साठ गोळ्या अडल्या नाहीत. पुढच्या दोन रविवारी मिळून त्याने तीनशे मारल्या, त्यात एकदा अडकलं, तेही तीन नंबरच्या मॅगझिनमध्ये, ज्याचा एक ओठ जरासा वाकलेला निघाला.

एवढं सगळं करूनही अडत असेल तर पकडीकडे बघा. मनगट ढिलं असलं की धक्क्याचा काही भाग हातच खातो. .२२ आहे, धक्काच नाही, म्हणून माणूस पिस्तूल सैल धरतो. शेजारच्या अनुभवी माणसाला दोन मॅगझिनं मारायला द्या. त्याच्या हातात चाललं तर उत्तर मिळालं. आणि नव्या किटला पहिल्या तीन-चारशे गोळ्यांपर्यंत थोडा वेळ द्या, रेलवर तेलाचा हलका हात ठेवा. चेंबरला आणि काडतुसांना मात्र तेल लावायचं नाही.

किट निवडताना

लोक मला विचारतात, "कोणतं किट चांगलं?" मी उलट विचारते, "फ्रेम कोणती, आणि करायचंय काय?" या दोन उत्तरांशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही.

बुल्सआय खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २,७०० गुणांच्या सामन्यात .२२, सेंटरफायर आणि .४५ अशा तीन फेऱ्या, प्रत्येकी ९० गोळ्या. एकच फ्रेम आणि एकच ट्रिगर तिन्ही फेऱ्यांत वापरता आला तर बोटाला वेगळं शिकावं लागत नाही, म्हणून १९११वर मार्व्हल किंवा नेल्सनची युनिटं, म्हणजे .२२ची किटंच, चढवणारे खूप दिसतात. त्यांत साइट किंवा डॉट (नेम धरायची खूण किंवा ठिपका) नळीवरच्या पट्टीला पक्का राहतो, स्लाइड खाली हलते, त्यामुळे ५० यार्डांवर गट घट्ट येतो. पण दहा सेकंदांत पाच गोळ्यांच्या रॅपिड फायरमध्ये एक पुंगळी अडकली की ताल गेला. त्यामुळे तिथे अचूकतेइतकाच भरवसा महत्त्वाचा, आणि कोणतं स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस त्या युनिटला मानवतं ते सामन्याच्या कितीतरी आधी शोधून ठेवायचं.

घरच्या ९ मिमी पिस्तुलाचा सराव स्वस्तात करायचा असेल, होल्स्टरमधून काढणं, नेम धरणं, चाप ओढणं, तर अचूकतेपेक्षा वजन, साइट आणि मॅगझिन बदलायची रीत मूळ पिस्तुलासारखी असणं जास्त मोलाचं. ग्लॉकसाठी अ‍ॅडव्हान्टेज आर्म्सची किटं आहेत. पण तुमच्या फ्रेमची जनरेशन (पिढी) बघूनच मागवा, कारण दिसायला सारख्या फ्रेमना एकच किट बसत नाही. सीझी ७५साठी कंपनीचंच काडेट किट आहे. ते पोलादी, जड, मूळ पिस्तुलाच्या वजनाच्या जवळ जाणारं, आणि त्यात स्लाइडचा फक्त मागचा तुकडा हलतो. मला ती रचना मनापासून आवडते. पुढचा भाग पक्का असल्याने नेम जागेवर राहतो आणि हलणारं वजन कमी असल्याने .२२ला झेपतं. बेरेटा ९२ आणि सिगच्या पी२२६साठीही किटं निघाली आहेत.

१९११मध्ये लांबी बघा. पाच इंची गव्हर्नमेंट फ्रेमसाठीचं किट छोट्या ऑफिसर फ्रेमवर बसेलच असं धरून चालू नका. दुहेरी ओळीच्या मॅगझिनची रुंद फ्रेम असेल तर किटचं एकेरी मॅगझिन तिच्या पोकळीत डुलेल. इजेक्टर किटचा स्वतःचा आहे की फ्रेमचाच वापरायचा आहे, तेही विचारा. शेवटची गोळी संपल्यावर स्लाइड उघडी राहते का? काही किटांत राहत नाही, आणि सरावात ते खटकतं. जादा मॅगझिनं मिळतात का आणि केवढ्याला? एका मॅगझिनवर किट विकत घेऊन मागाहून दुसरं न मिळालेले लोक मी पाहिले आहेत.

पैशाचं गणित माझ्या शेवटच्या बिलांवरून: .२२ची एक गोळी आठ सेंटला पडली, .४५ची पंचेचाळीसला. फरक ३७ सेंट. साडेतीनशे डॉलरचं किट हजाराच्या आत गोळ्यांत फिटतं. ९ मिमीची गोळी मला पंचवीस सेंटला मिळाली, म्हणजे तिथे दोन हजारांच्या वर लागतात. महिन्याला पन्नास गोळ्या मारणाऱ्याने किट घेण्याचं कारण पैसे हे नसावं.

अशाला मी सरळ वेगळं .२२ पिस्तूल घ्यायला सांगते. रूगर मार्क ४ आहे, २०२० साली आलेलं ग्लॉक ४४ आहे, ती जन्मापासून .२२साठीच बेतलेली, म्हणून अडतात कमी. किटचा खरा फायदा एकच: आपला स्वतःचा ट्रिगर. तुमच्या १९११चा ट्रिगर तुम्ही जीव लावून बसवून घेतला असेल तर किट घ्याच. कारखान्यातून आला तसाच असेल तर वेगळं पिस्तूल बरं. कागदपत्रांचाही फरक आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात शस्त्र म्हणजे फ्रेम, त्यामुळे फ्रेमशिवायचं किट घरपोच येतं. वेगळं नवं पिस्तूल परवानाधारक दुकानातून, पार्श्वभूमीची तपासणी होऊनच मिळतं. राज्यांचे नियम आणखी वेगळे असतात, ते आपापल्या राज्याचे बघून घ्या.

इथे कोल्हापूर-पुण्याच्या वाचकांसाठी थांबून सांगायला हवं. माझा भाचा मला म्हणाला होता, "मावशी, येताना एक किट बॅगेत टाकून आण." अजिबात नाही. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि ९ मिमी हा तर सामान्य माणसाला निषिद्ध बोअर. इथे जी वस्तू टपालाने घरी येते ती तिथे विमानतळावर सापडली तर गुन्हा आहे. आणि त्याला किटची गरजही नाही. ऑलिम्पिकमधली २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२च्या खास स्पोर्ट पिस्तुलानेच होते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते त्याच प्रकारात. क्लबात नाव घालावं, एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी, पुढचं सगळं रीतसर होतं. चेंबर घासणं, मॅगझिनवर आकडे, पुंगळ्या वाचणं, हे वर लिहिलेलं .२२च्या त्या स्पोर्ट पिस्तुलांनाही तसंच लागू पडतं.

किट काढून परत .४५ बसवताना

हेही लिहूनच ठेवते, कारण त्या मुलाने जाताना विचारलं. किटचे सगळे भाग, नळी, स्लाइड, रिकॉईल स्प्रिंग, गाइड, एका पिशवीत; .४५चे दुसऱ्या. शॉक बफ .४५च्या पिशवीत, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत आकडा. टेबलावर एका वेळी एकाच जातीची काडतुसं. किट बसवलेलं असताना विनाकारण रिकामा चाप ओढू नका; रिमफायरची पिन मोकळ्या चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खळगा पाडू शकते आणि मग काडतूस आत जाताना तिथेच अडतं. रिकामा सराव करायचाच असेल तर भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात ते पिवळे प्लॅस्टिकचे प्लग चेंबरात घाला, हार्डवेअरच्या दुकानात शंभराचं पाकीट मिळतं, आणि एक चेमटला की दुसरा.

.४५ जोडून झाल्यावर स्लाइड चार वेळा ओढा, ग्रिप सेफ्टी आणि थंब सेफ्टी या दोन्ही सुरक्षेच्या कळा तपासा, आणि पहिलं मॅगझिन दोनच गोळ्यांचं भरा. त्या चालल्या की मग पाच. नेम थोडा हललेला दिसेल. साइटला हात लावण्याआधी दहा गोळ्यांचा गट बघा. वहीत तारीख, काडतूस, मॅगझिनचा आकडा आणि किती अडल्या ते लिहा. त्या मुलाची वही मी परवा पाहिली. शेवटच्या पानावर ११२ गोळ्या, अडकल्या शून्य, आणि पुढे कंसात: मॅगझिन ३ बाद.